ओळखीतून नोकरी कशी शोधावी? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी एका उत्पादन कंपनीत खरेदी आणि साठा व्यवस्थापनाचे काम बरीच वर्षे केले. आमचा विभाग बंद झाल्यापासून मी रोज निरनिराळ्या संकेतस्थळांवरून अर्ज करतो आहे. अर्ज मिळाल्याचा आपोआप येणारा ईमेल तेवढा येतो आणि त्यानंतर कोणी विचारत नाही. मित्र सांगतात की ऑनलाइन अर्ज सोड आणि ओळखी वापर. पण जवळच्या सगळ्या मित्रांना आणि नातेवाइकांना मी केव्हाच सांगून ठेवले आहे आणि त्यांच्याकडूनही काही निष्पन्न झालेले नाही. मी नेमके काय करायला हवे?

उत्तर : आपल्या अर्जाचे पलीकडे काय होते ते आधी पाहू, म्हणजे हे मौन समजून घेणे सोपे जाईल. ऑनलाइन आलेले अर्ज एटीएस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगणक प्रणालीत जमा होतात. ही प्रणाली रेझ्युमेमधील मजकूर वेगवेगळ्या रकान्यांत भरते आणि भरती करणारी व्यक्ती त्यावर चाळण्या लावते : अनुभवाची वर्षे, सध्याचे पद, विशिष्ट कौशल्ये, रुजू होण्यास लागणारा अवधी. समोर येणाऱ्या यादीतील पहिले काही रेझ्युमे उघडले जातात, त्यातील योग्य वाटणाऱ्यांना फोन जातात आणि मुलाखतीला बोलावण्यापुरते उमेदवार हाताशी लागले की यादी पुढे वाचण्याचे कारण उरत नाही. उरलेल्या अर्जदारांमध्ये काही जण निवडलेल्यांइतकेच लायक असतात, परंतु त्यांचा अर्ज कोणी नाकारलेला नसतो, तो कोणी उघडूनच पाहिलेला नसतो. आपला रेझ्युमे चांगला असूनही उत्तर येत नाही याचा अर्थ आपण कमी पडलात असा काढण्याची घाई करू नका. अनेक महिने असे मौन सोसलेल्या माणसाचा स्वतःवरचा विश्वास हळूहळू खचत जातो आणि मग मुलाखतीची संधी आली तरी त्याचा परिणाम बोलण्यात दिसतो, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. एखाद्याने राजीनामा दिला किंवा नवे काम आले की जाहिरात लगेच निघत नाही. विभागप्रमुख आधी स्वतःच्या आठवणीत शोधतो, मग आपल्या चमूला विचारतो, संस्थेतल्याच कोणाला तिथे आणता येईल का ते पाहतो, मंजुरीचे कागद फिरतात आणि त्यानंतर जाहिरात येते. जाहिरात आपल्या नजरेस पडते तेव्हा काही नावांची चर्चा अगोदरच झालेली असू शकते. ओळखीचा सर्वांत मोठा उपयोग या मधल्या काळात होतो. जागा होणार आहे हे आपल्याला कळते आणि आपण आहोत हे त्या विभागप्रमुखाला कळते. ओळख एवढेच करते. पुढची मुलाखत आपल्यालाच द्यायची असते.

आता जवळच्या माणसांकडून काही का निष्पन्न झाले नाही, याकडे वळतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन या ठिकाणी नुकतीच नोकरी बदललेल्या व्यावसायिक, तांत्रिक आणि व्यवस्थापकीय कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला होता आणि त्याचे निष्कर्ष १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात आहेत. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारले की ज्या व्यक्तीकडून नोकरीची माहिती मिळाली तिची आणि तुमची त्या काळात गाठ किती वेळा पडत असे. आठवड्यातून दोनदा किंवा अधिक, असे सांगणारे सुमारे १७ टक्के निघाले. सुमारे ५६ टक्के लोकांची गाठ अधूनमधून पडत असे आणि जवळजवळ २८ टक्के लोकांची वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी. हा अभ्यास छोटा होता, पण त्यामागचे कारण आजही पटण्यासारखे आहे. आपले जिवलग मित्र आपल्याच वर्तुळात वावरतात, त्यामुळे त्यांना जे कळते ते बहुधा आपल्यालाही कळलेले असते. ज्यांच्याशी आपला संबंध विरळ आहे ते दुसऱ्या वर्तुळात वावरतात आणि तिथली बातमी आपल्यापर्यंत त्यांच्याशिवाय येऊ शकत नाही. पुढे लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सभासदांवर २०१५ ते २०१९ या काळात प्रयोग झाले आणि त्यांचे निष्कर्ष २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. तिथेही विरळ ओळखींची बाजू वरचढ ठरली, मात्र त्यात एक बारकावा होता. सामाईक परिचितांच्या संख्येवरून पाहिले तर मध्यम विरळ ओळखी, म्हणजे फार घट्टही नाहीत आणि पूर्णपणे परक्याही नाहीत अशा, सर्वाधिक उपयोगी पडल्या.

तेव्हा आपली यादी पुन्हा लिहायला घ्या आणि या वेळी जवळच्या माणसांपासून सुरुवात करू नका. आधीच्या नोकऱ्यांतले सहकारी जे आता दुसरीकडे गेले आहेत, आपल्या जुन्या वरिष्ठांपैकी ज्यांच्याशी निरोप घेताना कटुता नव्हती असे लोक, आपल्याकडे लेखापरीक्षणासाठी येणारे, प्रशिक्षण देणारे, मालवाहतूक पाहणारे. आपल्या क्षेत्रात तर एक फार मोलाचा गट आहे आणि खरेदी विभागातली माणसे नेमकी त्याचीच आठवण ठेवत नाहीत : पुरवठादारांचे विक्री प्रतिनिधी. ते दर आठवड्याला अनेक कंपन्यांच्या खरेदी विभागांत जाऊन बसतात. कुठे काम वाढले आहे, कुठला व्यवस्थापक सोडून चालला आहे, कुठे नवे गोदाम उघडते आहे, हे त्यांना जाहिरातीच्या कितीतरी आधी कळलेले असते. आपण खरेदीच्या खुर्चीत असताना त्यांच्याशी सौजन्याने वागला असाल, त्यांची देणी वेळेवर निघावीत म्हणून धडपडला असाल, तर ते आपला फोन नक्की उचलतील.

या लोकांना काय सांगायचे, हा सर्वांत महत्त्वाचा भाग. ‘कुठे असेल तर बघा’ हे वाक्य आपण जवळच्या मंडळींना सांगितले असावे, कारण सगळेच जण तसेच सांगतात. ऐकणारा मनापासून ‘बघतो’ म्हणतो आणि नंतर विसरतो. त्यात त्याचा दोष नाही. काय बघायचे, कुठे बघायचे, कोणाला विचारायचे, यांतले काहीच त्याच्या हातात दिलेले नसते. शिवाय नोकरी देणे बहुतेकांच्या हाती नसते, त्यामुळे नोकरीची थेट विनंती त्यांना अवघडून टाकते आणि अवघडलेला माणूस संभाषण लवकर आवरते घेतो. माहिती मात्र प्रत्येकाकडे असते आणि आपल्या कामाबद्दल कोणी नेमके विचारले तर सांगायला बहुतेकांना आवडते. म्हणून माहिती मागा. संदेश साधारण असा असू द्या :

‘नमस्कार. आपण आमच्याकडे पॅकेजिंगच्या साहित्यासाठी येत होतात, तेव्हा आपल्यासोबत दोन वर्षे काम केले होते. आमचा खरेदी विभाग आता बंद झाला आहे आणि मी साठा नियोजनातील पुढचे काम शोधत आहे. माझा कल मध्यम आकाराच्या, स्वतःचे गोदाम असणाऱ्या उत्पादन कंपन्यांकडे आहे. आपले अशा अनेक ठिकाणी जाणे असते. सध्या कोणत्या कंपन्या हे काम वाढवत आहेत, याबद्दल पंधरा मिनिटे बोलता येईल का? या आठवड्यात आपल्या सोयीने कधीही फोन करीन.’

यात आपण कोण, काय हवे, किती वेळ लागेल, हे सगळे आले आहे आणि ‘नाही’ म्हणण्याची सोयही समोरच्याला ठेवली आहे. पहिल्याच संदेशासोबत रेझ्युमे जोडू नका. तो जोडला की माहितीची विनंती पुन्हा नोकरीची मागणी होऊन बसते. बोलणे झाल्यावर बहुतेक जण तो स्वतःहून मागतात. फोनवर बोलताना बरेचसे त्यांना बोलू द्या आणि शेवटी न चुकता विचारा : ‘या विषयावर मी आणखी कोणाशी बोलावे असे तुम्हाला वाटते? तुमचे नाव सांगितले तर चालेल का?’ या प्रश्नाने एका ओळखीतून दुसरी ओळख निघते आणि नोकरी पुष्कळदा त्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या माणसाकडून येते. त्याच दिवशी दोन ओळींचे आभार कळवा आणि त्यांनी सुचवलेले काही केलेत तर काय झाले तेही नंतर कळवा. सल्ला मागणारे पुष्कळ भेटतात, पण पुढे काय झाले ते सांगायला परत येणारे थोडे असतात आणि तेच लक्षात राहतात.

ऑनलाइन अर्ज मात्र पूर्णपणे सोडू नका. मित्रांचा सल्ला तेवढ्यापुरता मला पटत नाही. अनेक संस्थांत शिफारस असली तरी रीतसर अर्ज करावाच लागतो. रोज दिसेल त्या जाहिरातीला अर्ज करण्याऐवजी आपल्या कामाशी नेमक्या जुळणाऱ्या थोड्या जागा निवडा, त्या संस्थेत किंवा तिच्याशी व्यवहार असणारे कोणी ओळखीत आहे का ते आधी शोधा, त्यांच्याशी बोला आणि मग अर्ज करा.

प्रश्न : मी यंदा पदवीधर झाले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कार्यालयात नोकरी केलेली नाही. ओळखीतून नोकरी शोधा असे सांगणारे लेख वाचले की मला वाईट वाटते, कारण माझ्या ओळखीचे असे कोणीच नाही. माझ्यासारखीने काय करावे?

उत्तर : आपल्याला वाईट वाटते ते अगदी योग्य आहे. माणसे आपल्यासारख्यांचीच नावे सुचवतात, त्यामुळे ज्यांच्या घरात नोकऱ्या आहेत त्यांच्याकडे आणखी नोकऱ्यांची माहिती येते आणि ज्यांच्याकडे नाहीत ते बाहेर राहतात. ही विषमता खरी आहे आणि आपल्या प्रयत्नांनी ती नाहीशी होईल असे मी म्हणणार नाही. पण ओळख वारशाने यावी लागते असेही नाही. ती स्वतः करता येते आणि आपण समजता त्याहून लवकर होते.

सुरुवात आपल्याच महाविद्यालयातून करा. आपल्या पुढे दोन-तीन वर्षे असलेले विद्यार्थी आपल्यासाठी मोठ्या अधिकाऱ्यांपेक्षा अधिक उपयोगी आहेत. पहिली नोकरी शोधतानाची त्यांची धडपड ताजी असते, कनिष्ठ पदांवर सध्या कोणाला घेतात हे त्यांना ठाऊक असते आणि त्यांच्या संस्थेत शिफारशीची पद्धत असेल तर त्यांना तीही वापरता येते. आपल्या शिक्षकांना विचारा की अलीकडच्या तुकड्यांपैकी कोण कुठे आहे. शिक्षकांना हे विचारायला मुले संकोचतात, परंतु विद्यार्थी मार्गी लागावा असे वाटणारा एक तरी शिक्षक प्रत्येक विभागात असतो.

ज्यांना आपण कधी भेटलो नाही अशा सीनियरलाही लिहिता येते. मात्र त्यांचे काम थोडे वाचून, पाहून लिहा. ‘आपल्या विभागातून दोन वर्षांपूर्वी आपण पदवीधर झालात आणि सध्या ग्राहकांच्या माहितीचे विश्लेषण करता असे वाचले. मी शेवटच्या वर्षी याच विषयावर प्रकल्प केला. पहिल्या सहा महिन्यांत आपल्याला प्रत्यक्ष कोणते काम दिले गेले आणि त्यासाठी महाविद्यालयात न शिकलेले काय शिकावे लागले, हे जाणून घ्यायचे आहे.’ असा प्रश्न आला की वाचणाऱ्याला कळते की ही मुलगी विचार करून लिहिते आहे. ‘सर, मला मार्गदर्शन करा’ या संदेशाला उत्तर कमी येते, कारण कशाबद्दल मार्गदर्शन करायचे हे त्यालाच शोधून काढावे लागते.

बोलायची संधी मिळाली की चार-पाच प्रश्न लिहून तयार ठेवा. कामाचा एक साधा दिवस कसा असतो, या कामात कोणती माणसे टिकत नाहीत, मुलाखतीत काय विचारले गेले, नवख्या माणसाच्या कोणत्या चुका नजरेत भरतात. पगाराबद्दल थेट त्यांच्या पगाराचा आकडा विचारू नका. या पदासाठी साधारण किती अपेक्षा ठेवणे वाजवी आहे, असे विचारा. ठरवलेला वेळ संपला की आपणच ते लक्षात आणून द्या. नवख्या मुलीने दुसऱ्याच्या वेळेची अशी कदर केली की पुढच्या वेळी दार उघडेच असते.

आणि आपले काम लोकांना दिसेल असे काही करा. एखादा छोटा प्रकल्प पूर्ण करून तो कसा केला, कुठे अडले, शेवटी काय हाती आले, हे नीट लिहून ठेवा. व्यावसायिक संघटनांच्या खुल्या व्याख्यानांना आणि कार्यशाळांना जा. तिथे स्वयंसेवक म्हणून नोंदणी किंवा स्वागताच्या टेबलावर बसलात तर प्रत्येकाशी दोन शब्द बोलण्याचे कारण आपोआप मिळते. ज्यांना गर्दीत स्वतःहून बोलणे जमत नाही अशांना मी हे नेहमी सुचवतो.

प्रश्न : ओळखीने नोकरी मिळवणे म्हणजे वशिला लावणेच नव्हे का? माझ्या मनाला ते पटत नाही. स्वतःच्या गुणांवर मिळाले तर मिळाले, असे मला वाटते.

उत्तर : आपल्या मनाची ही टोचणी मला मोलाची वाटते. ती नाहीशी करू नका, तिचा उपयोग करा. ओळखीच्या माणसाने आपल्यासाठी जे करावे असे आपल्याला वाटते, ते त्याने इतर उमेदवारांसमोर उघडपणे सांगितले तर चालेल का, असे स्वतःला विचारा. ‘मी यांच्याबरोबर काम केले आहे, यांचे काम चोख असते, आपण यांची मुलाखत घ्यावी,’ हे कोणासमोरही म्हणता येते. ‘मुलाखत नाममात्र घ्या, हा आपला माणूस आहे,’ हे चार लोकांत म्हणता येत नाही. पहिल्या प्रकारात निवड करणाऱ्याला अधिक माहिती मिळते आणि निर्णय त्याचाच राहतो. दुसऱ्या प्रकारात दुसऱ्या कोणाचा हक्क डावलला जातो.

संस्थांना शिफारशी हव्या असतात, याला कारण आहे. कॉल सेंटर, मालवाहतूक आणि उच्च तंत्रज्ञान या तीन उद्योगांतील नऊ मोठ्या कंपन्यांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. कर्मचाऱ्यांच्या शिफारशीने आलेले लोक नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आहे, असे त्यात आढळले. त्याचे एक साधे कारण मला दिसते. आत काम करणाऱ्याने कामाचे खरे स्वरूप, त्यातल्या अडचणींसह, आधीच सांगितलेले असते, त्यामुळे रुजू झाल्यावर भ्रमनिरास होत नाही. कामाबद्दलची ही खरी माहिती जाहिरातीत कधीच नसते आणि ती मिळवण्यात अप्रामाणिक असे काहीही नाही.

जिथे भरती परीक्षेने आणि जाहीर नियमांनुसार होते तिथे मात्र ओळखीला काहीच स्थान नसावे. अभ्यास कसा करावा, काम कसे असते, एवढेच तिथल्या माणसाला विचारावे. आणि कुठल्याही क्षेत्रात ‘काम करून देतो’ म्हणत कोणी पैसे मागितले, तर तो वशिलाही नसतो, बहुधा फसवणूक असते. तिथून लगेच बाजूला व्हा.

प्रश्न : मी जुन्या सहकाऱ्यांना संदेश पाठवले. निम्म्यांनी वाचूनही उत्तर दिले नाही. पुन्हा विचारणे लाचारीचे वाटते.

उत्तर : एकदा पुन्हा विचारा, साधारण आठवड्याभराने, आणि तक्रारीचा सूर न येऊ देता. ‘मागचा संदेश कामाच्या गडबडीत राहून गेला असेल म्हणून पुन्हा लिहीत आहे’ एवढे पुरे. त्यालाही उत्तर आले नाही तर विषय तिथेच सोडा आणि मनात आकस धरू नका. वाचलेल्या संदेशाला ‘सवडीने लिहू’ म्हणून बाजूला ठेवणारे आणि मग उशीर झाला म्हणून लिहिण्याचा संकोच करणारे कितीतरी असतात. वर्षानुवर्षे बोलणे नसलेल्यांना आधी आपली ख्यालीखुशाली कळवायची, दोन दिवसांनी काम काढायचे, असा आडवळणाचा मार्ग घेऊ नका. तो लगेच ओळखू येतो आणि दुखावतो. ‘बऱ्याच वर्षांनी लिहितो आहे आणि कामासाठीच लिहितो आहे’ असे पहिल्याच ओळीत सांगितले तर लोक ते समजून घेतात.

प्रश्न : मी ज्या संस्थेत आहे तिथे जागा निघाली की ओळखीचे लोक शिफारस करा म्हणून मागे लागतात. सध्या एका स्नेह्यांच्या मुलासाठी फार आग्रह होतो आहे. मुलगा स्वभावाने चांगला आहे, पण त्याचे काम मी पाहिलेले नाही. नाही म्हटले तर संबंध बिघडतील.

उत्तर : जे आपल्याला ठाऊक आहे तेवढेच सांगा, म्हणजे नाही म्हणण्याची वेळच येणार नाही. भरती विभागाला कळवताना ‘हा मुलगा माझ्या परिचयाचा आहे, त्याच्या कामाचा मला प्रत्यक्ष अनुभव नाही, अर्ज पाहावा अशी विनंती आहे’ असे लिहिता येते. याने अर्ज निदान उघडला जातो आणि आपल्या शब्दाची किंमतही राहते. आपण न पाहिलेल्या कामाची ग्वाही दिलीत आणि ती खोटी ठरली, तर पुढे ज्याला खरोखर पात्र समजून आपण सुचवाल त्याचेही नुकसान होईल.

त्याआधी त्या मुलालाच, वडिलांना मध्ये न घेता, अर्ध्या तासासाठी बोलवा. या पदाबद्दल त्याने काय वाचले आहे, त्याला हे काम का करायचे आहे आणि आजवर त्याने काय केले आहे, ते विचारा. मुलाला स्वतःला हे काम करायचेच नाही आणि आग्रह फक्त घरच्यांचा आहे, असे अशा बोलण्यात कधी कधी उघड होते. मग प्रश्न आपोआप सुटतो. त्याला खरेच रस असेल तर मुलाखतीत आपल्याकडे काय पाहतात, रेझ्युमेत काय कमी आहे, हे त्याला सविस्तर सांगा. स्नेह्यांना आपण काय केलेत तेही स्पष्ट कळवा : अर्ज पुढे पाठवला आहे, मुलाशी बोललो आहे, निवड करणारे मात्र दुसरे लोक आहेत आणि त्यांच्या निर्णयात मी पडणार नाही. हे अर्ज पाठवतानाच सांगावे. निकाल लागल्यावर तेच वाक्य सबबीसारखे ऐकू येते.